प्रेरणेचं राहू द्या, साहित्य काय ते सांगा

कुठल्याही कलादालनात चित्राशेजारची पाटी वाचून बघा. वर शीर्षक, साल आणि माध्यमाच्या जागी दोन शब्द: 'मिश्र माध्यम'. खाली दीड-दोनशे शब्दांचा मजकूर. स्मृती, देह आणि अवकाश यांच्या परस्परसंबंधांचा शोध, बालपणीच्या कुठल्याशा अनुभवात त्याचं मूळ, अस्तित्वाविषयीचे काही प्रश्न. एवढं सगळं वाचूनही समोरच्या कामात काय काय मिसळलंय ते कळत नाही. तो तपकिरी डाग गंजाचा आहे की रंगाचा? वरचा चकाकता थर राळेचा की प्लॅस्टिकचा? दहा वर्षांनी हे पिवळं पडणार आहे का? जे डोळ्यांसमोर आहे त्याबद्दल पाटी गप्प, आणि जे दिसत नाही, दिसणं शक्यही नाही, त्याबद्दल मात्र भरभरून बोलते.

हे प्रमाण उलटं व्हायला हवं, असं माझं मत आहे. साहित्य आणि कृती यांची माहिती सविस्तर आणि सक्तीची असावी. प्रेरणा सांगायची की नाही हे कलावंताच्या मर्जीवर सोडावं. आज बहुतेक शिष्यवृत्त्या, स्पर्धा आणि कलाशाळा यांचे अर्ज याच्या नेमके उलट चालतात. 'आर्टिस्ट स्टेटमेंट', म्हणजे कलावंताचं लेखी निवेदन, नसेल तर अर्ज बाद. माध्यमाच्या रकान्यात 'मिश्र' एवढंच लिहिलं तर कोणी हटकत नाही.

पूर्वी असं नव्हतं. १४८५ साली फ्लॉरेन्समधल्या अनाथ बालकांच्या एका संस्थेने दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराशी वेदीवरच्या चित्राचा करार केला. त्यात चित्रकाराच्या अंतःप्रेरणेविषयी अक्षर नाही. निळा रंग मात्र औंसाला चार फ्लोरिन, म्हणजे चार सोन्याची नाणी, किमतीचा अल्ट्रामरीन हा उंची निळाच असला पाहिजे, असं बजावून लिहिलेलं आहे. त्याच्याही आधी, साधारण १४०० च्या सुमारास, चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने हाताखालच्या मंडळींसाठी जे मार्गदर्शन लिहिलं, त्यात तो अंड्याच्या बलकातसुद्धा फरक करतो: शहरातल्या कोंबडीचा बलक फिकट, म्हणून तरुण चेहऱ्यांना तो घ्यावा, खेड्यातल्या कोंबडीचा लालसर, तो म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यांना. आपल्याकडे बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास'मध्ये भिंत कशी तयार करावी, म्हशीचं कातडं उकळून वज्रलेप, म्हणजे एक प्रकारचा सरस, कसा करावा, कुंचले कसले असावेत, हे सगळं तपशिलात आहे.

हा सुवर्णकाळ होता असं मी म्हणत नाही. गिर्लांदायोच्या आश्रयदात्यांना निळ्या रंगात रस होता कारण तो महाग होता आणि महाग दिसायला हवा होता. पुढे आश्रयदाते गेले, बाजार आला, कलावंत हा कारागिरापेक्षा वेगळा, कुणीतरी असामान्य माणूस ठरला आणि त्याच्या हातांपेक्षा त्याच्या मनाची चौकशी जास्त होऊ लागली. ते स्वाभाविकच होतं. पण मनाची चौकशी करताना एक अडचण असते. उत्तर खरं आहे की नाही हे तपासता येत नाही.

यावर योसेफ बॉयस याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. लोकर दाबून केलेला जाडसर नमदा आणि चरबी ही या जर्मन कलावंताची आयुष्यभराची साधनं. १९६४ साली त्याने खुर्चीवर चरबीचा उतरता थर चढवला. १९६९ साली एका जुन्या फोक्सवॅगन गाडीच्या मागच्या दारातून चोवीस घसरगाड्या बाहेर पडताहेत अशी मांडणी केली आणि प्रत्येक घसरगाडीवर नमद्याची गुंडाळी, चरबीचा गोळा आणि विजेरी बांधली. हीच साधनं का, याची त्याने सांगितलेली गोष्ट जगभर पसरली. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४४ मध्ये, तो ज्या विमानात होता ते क्रिमियात कोसळलं. बर्फात बेशुद्ध पडलेल्या बॉयसला भटक्या तार्तारांनी उचललं, अंगाला चरबी चोळली, नमद्यात गुंडाळलं आणि ऊब देऊन जगवलं. गोष्ट अप्रतिम आहे. नोंदी वेगळं सांगतात: विमान कोसळलं हे खरं, पण त्याला शोधून काढलं ते जर्मन सैन्याच्याच पथकाने, आणि पुढचे काही आठवडे तो लष्करी इस्पितळात होता.

आता त्या चोवीस घसरगाड्यांचं काय करायचं? माझं उत्तर असं की काहीच करायचं नाही, कारण त्यांना काहीच झालेलं नाही. ऊब धरून ठेवायला नमदा, ताकदीसाठी चरबी, वाट दिसावी म्हणून विजेरी. गाडी जिथे अडकते तिथून पुढे जगायला माणसाला जेवढं लागतं तेवढं प्रत्येक घसरगाडीवर बांधलेलं आहे. हे कळायला तार्तार लागत नाहीत. नमदा गरम असतो आणि चरबी वितळते, एवढं अंगाला ठाऊक असलं की पुरे. गोष्ट खोटी ठरली तेव्हा कोसळलं ते बॉयसभोवतीचं वलय. आणि त्या वलयाच्या आधाराने ज्यांनी त्याची कला समजावून सांगितली होती त्यांची पंचाईत झाली. लंडनच्या टेट संग्रहालयात बॉयसचा नमद्याचा एक सूट होता; त्याला कसर लागली आणि शेवटी तो संग्रहातून बाद करावा लागला. कसरीला क्रिमियाची गोष्ट माहीत नव्हती. तिला लोकर तेवढी कळली.

बॉयसने जाणूनबुजून बनाव रचला की बेशुद्धीतल्या तुकड्यांतून त्याच्या मनाने तो जोडला, यावर वाद होऊ शकतो. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की प्रेरणा बहुधा अशीच तयार होते: मागाहून. काम करताना हात कुठेतरी जातो, काहीतरी जमतं, पुष्कळसं फसतं. संपल्यावर कोणी विचारतं, 'हे सुचलं कसं?' आणि मग माणूस मागे वळून एक सरळ रेघ ओढतो, जी जाताना नव्हतीच. यात लबाडी नसते. पण अशी रेघ अर्जाची अट म्हणून मागितली की सगळ्यांच्या रेघा सारख्या दिसू लागतात.

त्या सारखेपणाचा अभ्यासही झालेला आहे. २०१२ साली ॲलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी ई-फ्लक्स या सेवेमार्फत वर्षानुवर्षं प्रसृत झालेली प्रदर्शनांची पत्रकं एकत्र करून त्यांची भाषा तपासली आणि कलाजगताची इंग्रजी ही स्वतंत्रच बोली झाल्याचं दाखवून दिलं. साध्या विशेषणाची भाववाचक नामं करायची, एका शब्दाऐवजी तीन वापरायचे, कशालाही 'अवकाश' म्हणायचं. लेख खोडकर होता, पण त्यातला एक मुद्दा गंभीर होता: ही बोली ज्याला येते तो आतला, ज्याला येत नाही तो बाहेरचा. मातीत, धातूत, धाग्यात विचार करणारी, पण असा परिच्छेद लिहू न शकणारी माणसं अर्जाच्या पहिल्याच चाळणीत गळतात. तेच अर्ज जर विचारू लागले की माती कुठली, किती अंशांवर भाजली, तडा गेला तेव्हा काय केलंत, तर हीच माणसं पानंच्या पानं भरतील. आणि परिच्छेदाचे वाघ अडखळतील. अडखळू देत की.

वासुदेव गायतोंडे यांनी चित्रांना बहुधा नावंच दिली नाहीत. मुलाखती मोजक्या, बोलणं त्याहून मोजकं. तरी त्यांच्या चित्रासमोर उभं राहिल्यावर कोणाला अडल्यासारखं होत नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग पसरवणं, तो खरवडणं, कागदाचे तुकडे वापरून आकार उमटवणं, थरावर थर चढत जाताना खालचा थर किती जिवंत ठेवायचा हे ठरवणं, हे समजून घेतलं की चित्रात शिरायला दार मिळतं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या नावातच 'प्रक्रिया' होती. आजचा तरुण गायतोंडे निवेदनाचा रकाना कोरा ठेवून अर्ज पाठवेल तर त्याचं काय होईल, याची कल्पना करवत नाही.

साहित्य सांगणं ही काही केवळ रसिकांची सोय नाही. चित्र जगतं किंवा मरतं ते त्यावरच. व्हॅन गॉगचं आर्लमधल्या खोलीचं चित्र आपल्याला निळ्या भिंतींचं म्हणून ठाऊक आहे. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात भिंती फिक्या जांभळ्या आहेत आणि दारंही जांभळट. निळ्यात मिसळलेला तांबडा रंग कच्चा होता, तो उजेडाने उडाला, उरला निळा. पत्रात त्याने एकेका वस्तूचा रंग लिहून ठेवला नसता तर त्या उदास निळ्या भिंतींवर आणि चित्रकाराच्या मनःस्थितीवर आणखी कितीतरी लेख पडले असते. तसे पडलेही आहेत. त्याच पत्रात तो हेही सांगतो की या रंगांतून विश्रांती सुचवायची आहे. म्हणजे प्रेरणा आहेच, पण ती रंगांच्या यादीत मिसळून आलेली, यादीला चिकटलेली. मला मान्य असलेलं प्रेरणेचं निवेदन ते हेच.

याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकी चित्रकार मार्क रॉथको. १९६४ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका भोजनदालनासाठी त्याची भव्य भित्तिचित्रं लागली. रंग कालवण्याच्या त्याच्या कृती त्याच्यापाशीच असत. त्या चित्रांत त्याने लिथॉल रेड नावाचं रंगद्रव्य वापरलं होतं, आणि समोर मोठमोठ्या खिडक्या. ऊन पडत राहिलं, किरमिजी रंग विटत गेला, आणि १९७९ पर्यंत चित्रं उतरवून कोठारात गेली. पुन्हा रंगवणं शक्य नव्हतं, कारण तसं केलं तर ते रॉथकोचं उरलं नसतं. शेवटी २०१४ मध्ये हार्वर्डच्याच संग्रहालयाने एक युक्ती केली: उडालेला रंग बिंदू-बिंदू मोजून तेवढ्याच रंगाचा प्रकाश चित्रावर टाकला. प्रकाश बंद केला की पुन्हा विटलेली चित्रं. रॉथकोच्या चित्रांतल्या आध्यात्मिकतेबद्दल तोवर किती लिहून झालं होतं! त्या एका रंगद्रव्याची नोंद आणि खिडकीला पडदा, एवढ्याने त्या सगळ्या लिखाणापेक्षा जास्त काम झालं असतं.

रेनल्ड्झबद्दल तर हसावं की रडावं कळत नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमीचा पहिला अध्यक्ष, १७६९ ते १७९० या काळात उदात्त शैलीवर पंधरा व्याख्यानं देणारा. आणि त्याने रंगवलेल्या गोऱ्या गालांवरची लाली त्याच्याच हयातीत उडत होती, कारण त्यातला कार्माइन हा तांबडा रंग कच्चा होता. मेण आणि डांबरी रंग मिसळल्यामुळे कित्येक चित्रं तडकली ती वेगळीच.

संवर्धकांना, म्हणजे कलाकृतींची डागडुजी आणि जपणूक करणाऱ्यांना, हे फार पूर्वी कळलं. ह्यूस्टनच्या मेनिल संग्रहालयात कॅरल मॅन्कुसी-उंगारो यांनी १९९० मध्ये कलावंतांना त्यांच्याच कामासमोर उभं करून चित्रित मुलाखती घ्यायला सुरुवात केली. प्रश्न असे: हा थर कशाचा, हा ओरखडा मुद्दामचा की नंतरचा, हे जुनं झालेलं चालेल का, भाग बदलला तर ते तुमचंच काम राहील का? या प्रश्नांना उत्तर देताना कलावंत आपल्या कलेबद्दल जे बोलून जातात, ते कुठल्याही निवेदनात येत नाही. 'ओरखडा राहू द्या' म्हणणारा आणि 'लगेच पुसा' म्हणणारा हे दोन वेगळे तत्त्वज्ञ आहेत, आणि ते एका वाक्यात कळतं.

शिल्पकार एव्हा हेस हिची तर गोष्टच निराळी. तिने लेटेक्स, म्हणजे द्रवरूप रबर, वापरलं, जे काही वर्षांत कडक होतं, काळवंडतं, तुटतं. तिला ते माहीत होतं. १९७० साली, चौतिसाव्या वर्षी तिचं निधन झालं; त्याच वर्षीच्या एका मुलाखतीत तिने बोलून दाखवलं की काम विकत घेणाऱ्यांबद्दल थोडं अपराधी वाटतं, त्यांना पत्र लिहून कळवावंसं वाटतं की हे टिकणार नाही. ते न लिहिलेलं पत्र हा माझ्या लेखी कलावंताच्या निवेदनाचा आदर्श नमुना आहे. घेणाऱ्याशी प्रामाणिक, कामाशी प्रामाणिक, आणि स्वतःच्या मोठेपणाबद्दल त्यात काही नाही.

आता माझ्या विरुद्ध जाणारं सगळ्यात भक्कम उदाहरण. फेलिक्स गोन्झालेझ-तोरेस याने १९९१ मध्ये रंगीत वेष्टनातल्या गोळ्यांचा ढीग दालनाच्या कोपऱ्यात रचला. येणाऱ्याने हवी तर एक उचलावी; संग्रहालय ढीग पुन्हा भरू शकतं. प्रेरणा न सांगता हे बघितलं तर गंमत वाटते आणि माणूस गोळी चघळत पुढे जातो. पण हे रॉसचं व्यक्तिचित्र आहे, एड्सने त्याच वर्षी गेलेल्या जोडीदाराचं. ते कळलं की हातातली गोळी जड होते. २०२२ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने तिथल्या पाटीवरून रॉस आणि एड्सचा उल्लेख गाळला तेव्हा लोक संतापले आणि पाटी पुन्हा बदलावी लागली. लोकांचं बरोबर होतं. इथे मी हट्ट धरणार नाही: हे सांगायलाच हवं.

मात्र या कामाची माध्यमाची ओळ नीट वाचा. वेगवेगळ्या रंगांच्या वेष्टनातल्या गोळ्या, अखंड पुरवठा, आदर्श वजन १७५ पौंड. म्हणजे सुमारे एकोणऐंशी किलो, एका धडधाकट पुरुषाचं वजन. ते वजन रोज घटतं, आणि घटवतो आपण. कलावंताने प्रेरणा कुठे ठेवली? शीर्षकात 'रॉस' या नावात, आणि साहित्याच्या ओळीत एका आकड्यात. पाटीवरचा परिच्छेद फक्त तो आकडा उलगडतो. 'मिश्र माध्यम' लिहून या कामाची माहिती देता आली असती का?

जिथे साहित्य हीच प्रेरणा असते तिथे तर वादच उरत नाही. घानाचा शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं चेपून, तांब्याच्या तारेने जोडून भिंतभर पसरणारी वस्त्रं करतो. युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जो माल आणला त्यात दारू होती, आणि त्याच व्यापाराची दुसरी बाजू गुलामांची होती. तेव्हा बूच म्हटलं की इतिहास आलाच.

शब्द हेच ज्यांचं साहित्य, त्या संकल्पनात्मक कलेचं काय, असा आक्षेप येईल. मायकल क्रेग-मार्टिनने १९७३ साली काचेच्या फळीवर पाण्याचा पेला ठेवला, शेजारी प्रश्नोत्तरांचा मजकूर लावला आणि जाहीर केलं की हे ओकचं झाड आहे. इथे मजकूर काढला तर काम संपलं, हे कबूल. पण तो मजकूर कामाचा भाग आहे, कामाविषयीचं मनोगत नाही. याच कामाची एक गंमत तो स्वतः सांगत आला आहे: ते ऑस्ट्रेलियात पोहोचलं तेव्हा सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वनस्पती म्हणून अडवलं, आणि त्याला पत्करावं लागलं की हा पाण्याचा पेलाच आहे.

साहित्याच्या ओळीत आणखी एक गोष्ट यायला हवी, जी सहसा येत नाही: हात कोणाचे. ऑक्टोबर २०१० मध्ये चिनी कलावंत आय वेवेने लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातल्या टर्बाइन हॉलमध्ये चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफूल-बिया पसरल्या. प्रत्येक बी हाताने रंगवलेली. चीनमधल्या जिंगदेजेन शहरातल्या सोळाशे कारागिरांचं काम. हे त्याने लपवलं नाही, उलट ते बनतानाचं चित्रीकरण शेजारीच दाखवलं, आणि म्हणून त्या बियांवर नजर ठरेना. सुरुवातीला लोकांना त्यांवरून चालू दिलं जात होतं. काही दिवसांतच चिनी मातीची धूळ उडून छातीला अपाय होईल म्हणून ते थांबवलं. साहित्य हे असं असतं. ते फुफ्फुसात जातं. पण जिथे एकाच नावाखाली वीस मदतनीसांचे हात खपलेले असतात, तिथल्या पाटीवर कलावंताचं बालपण तेवढं असतं.

सगळं उघड केलं तर नक्कल होईल, ही भीती मला फार टिकाऊ वाटत नाही. फ्रेंच चित्रकार इव्ह क्लाइनने आपल्या खास निळ्या रंगाची नोंद १९६० मध्ये करून ठेवली. तो कोणत्या राळेत कालवला जातो हे आज सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी दुसरा क्लाइन झाला नाही. शिल्पकार अनिश कपूर यांनी २०१६ मध्ये व्हॅन्टाब्लॅक या अतिकाळ्या लेपाचे कलेतले हक्क एकट्यासाठी घेतले तेव्हा स्टुअर्ट सेंपल या चित्रकाराने एक भडक गुलाबी रंग काढून तो कपूर सोडून सर्वांना विकायला ठेवला. कपूर यांनी तोही मिळवला आणि त्यात बुडवलेल्या मधल्या बोटाचं छायाचित्र टाकलं. मोठ्या माणसांचं भांडण, पण निदान भांडणाचा विषय खरा होता.

आणि आता हा प्रश्न लांबवता येणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेनने सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेतलं बक्षीस नाकारलं, कारण त्याची प्रतिमा कॅमेऱ्याने टिपलेली नव्हती, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली होती. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रे याने दुसऱ्या एका स्पर्धेत यंत्रनिर्मित प्रतिमांच्या गटात फ्लेमिंगोचं खरं छायाचित्र घुसवलं, बक्षीस मिळवलं आणि बाद झाला. दोन्ही वेळा परीक्षकांचे डोळे फसले. डोळ्यांना जे ठरवता येईना ते ठरलं फक्त साहित्याच्या ओळीवर.

अशा प्रतिमेची खरी ओळ कशी असेल? कृत्रिम बुद्धिमत्तेचं कोणतं मॉडेल, त्याला कोणते शब्द दिले, किती प्रतिमा टाकून देऊन ही निवडली, नंतर हाताने काय बदललं, आणि मॉडेल कोणाकोणाच्या चित्रांवर शिकलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा करणाऱ्यालाही देता येत नाही, कारण कंपन्या ते सांगत नाहीत. मग पाटीवर तसं स्पष्ट लिहावं: साहित्याचा काही भाग अज्ञात. प्रेरणेचा परिच्छेद खाली हवा असेल तर खुशाल जोडावा. तो लिहून द्यायलाही आता तेच यंत्र तयार आहे.